शंभर पौंड, इंग्रजी उतारा आणि अंगठा: चिनी माणसाला न्यूझीलंडमध्ये उतरायला काय काय लागायचं

व्हिसाची फाईल छातीशी धरून जो कधी खिडकीसमोर उभा राहिलाय, त्याने हे जरूर वाचावं. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला एखादा विशीतला मुलगा १९०८ च्या सुमाराला न्यूझीलंडला निघाला, तर त्याला काय काय जमवावं लागायचं, ते इथे क्रमाने सांगतो आहे. न्यूझीलंड नुकतंच वसाहतीचं 'डोमिनियन', म्हणजे साम्राज्यातला स्वशासित देश, झालं होतं, पण चिन्यांसाठीचे कायदे वसाहतीच्या काळातलेच होते आणि उलट आणखी कडक होत चालले होते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सुरुवातीला ही माणसं बोलावून आणलेली होती. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या ओटागो भागातल्या सोन्याच्या खाणींवरचे गोरे खाणकामगार दुसरीकडे पांगले, तेव्हा १८६५ साली तिथल्याच डनिडन शहरातल्या व्यापाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाहून चिनी खाणकामगारांना निमंत्रण दिलं. गावाकडे त्या मुलखाला 'नवा सोन्याचा डोंगर' म्हणू लागले. १८८१ च्या शिरगणतीत ५,००४ चिनी माणसं मोजली गेली, त्यात बायका फक्त ९. त्याच वर्षी त्यांच्यावर डोईकर, म्हणजे देशात उतरताना माणशी भरायचा कर, बसवणारा कायदा झाला.

पात्रता

आज आपण 'पात्रता' म्हणतो तेव्हा शिक्षण, अनुभव, वय असं काही डोळ्यांसमोर येतं. डोईकराच्या कायद्यात तसली अट नव्हतीच. माणूस चिनी आहे का, एवढाच प्रश्न होता. असेल तर कर भरायचा. मुलगा कष्टाळू आहे, गवंडी आहे, लिहितावाचता आहे, याने कराच्या रकमेत एका पेनीचाही फरक पडत नसे. सूट होती ती सरकारी प्रतिनिधींना, जहाजासोबतच परत जाणाऱ्या खलाशांना आणि आधीपासून तिथे राहत असल्याचा दाखला ज्यांच्याकडे होता त्यांना.

पहिली अडचण: जहाजात जागा

पैसे हातात असले तरी जहाज मिळेलच असं नव्हतं. १८८१ च्या कायद्याने जहाजाच्या दर १० टनांमागे एकच चिनी प्रवासी आणता येई. १८८८ साली ते प्रमाण १०० टनांवर गेलं आणि १८९६ साली २०० टनांवर. गणित करून पाहा. दोन हजार टनांच्या ज्या बोटीतून पूर्वी २०० माणसं आली असती, तिच्यातून आता दहाच. जास्त माणसं आणली तर दंड कप्तानाला, त्यामुळे कंपन्या आधीच हात आखडता घेत. कुणालाही 'बंदी' असा शब्द न वापरता दार किती बंद करता येतं, हे या एका आकड्यात दिसतं.

दुसरी अडचण: पैसा

डोईकर १८८१ साली १० पौंड होता. १८९६ साली तो एकदम १०० पौंड केला. तेव्हा पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे माणशी दीड हजार रुपये, तेही बोटीचं भाडं सोडून. शेतकऱ्याच्या घरात एवढी रोकड कुठून असणार? भाऊबंद, गाववाले, आधी गेलेला काका किंवा मामा मिळून रक्कम उभी करत आणि मुलगा पोचल्यावर भाजीच्या मळ्यात, फळांच्या दुकानात किंवा कपडे धुण्याच्या दुकानात राबून ती फेडत बसे. कायद्याप्रमाणे ही रक्कम जहाजाच्या कप्तानाने प्रवासी उतरण्याआधी कस्टमच्या अधिकाऱ्याकडे भरायची. मग त्या प्रवाशाच्या नावे कर भरल्याचा दाखला मिळे. तो दाखला जीवापाड जपावा लागे.

तिसरी अडचण: शंभर शब्द

१९०७ च्या दुरुस्तीने वाचनाची परीक्षा आली. कस्टमचा अधिकारी छापील इंग्रजीतला किमान शंभर शब्दांचा उतारा काढून समोर ठेवी, तो वाचता आला पाहिजे. उतारा कुठला, हे ठरवणार अधिकारी. म्हणजे घोकून पाठ करण्याची सोय नाही. पर्ल नदीच्या काठी भातशेती करणाऱ्या पोराने बंदराच्या ऑफिसात उभं राहून, महिनाभर बोट लागलेल्या अंगाने अनोळखी लिपी वाचायची. आणि कर वेगळा भरायचाच, परीक्षा पास झाली म्हणून तो माफ होत नसे.

गावी जाऊन परत यायचं असेल तर

बायको आणायची म्हणजे तिच्यासाठीही शंभर पौंड, म्हणून बहुतेकांनी एकट्यानेच दिवस काढले आणि काही वर्षांनी गावी एक फेरी मारली. १९०८ पासून अशा फेरीसाठी निघण्याआधी परतीची परवानगी काढावी लागे आणि तिच्यावर अंगठ्याचा ठसा उमटवावा लागे. सही करता येणाऱ्या माणसाचाही अंगठाच. ही अट फक्त चिन्यांसाठी होती. मला या सगळ्या कागदांमध्ये सर्वांत जास्त टोचतो तो हा ठसा.

त्याच वर्षी चिन्यांना नागरिकत्व देणंही थांबवलं, ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. वृद्धांचं पेन्शन १८९८ च्या कायद्यातच नाकारलं होतं.

आपल्या लोकांना काय नियम होता?

हिंदुस्थानी माणूस ब्रिटिश प्रजाजन, त्यामुळे त्याला डोईकर नव्हता. पण १८९९ च्या कायद्याने ब्रिटिश वा आयरिश वंशाच्या नसलेल्या माणसाला आपला अर्ज स्वतःच्या हाताने कुठल्यातरी युरोपीय भाषेत भरावा लागे. गायकवाडांच्या बडोदे संस्थानातल्या नवसारी भागातून गेलेले लोक याच अर्जातून आत गेले. १९२० साली तीही वाट अरुंद झाली. आधी परवानगी मागायची, ती द्यायची की नाही हे मंत्र्याच्या मर्जीवर, आणि नकाराचं कारण सांगायचं बंधन नाही.

आज वंशजांनी कागद कसे शोधायचे

डोईकराची वसुली १९३४ साली थांबली आणि १९४४ साली तो कायद्यातूनच गेला. १२ फेब्रुवारी २००२ रोजी पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. कराच्या नोंदी न्यूझीलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

शोधताना नावापाशी घोळ होतो. कँटोनीज (ग्वांगडोंगकडची भाषा) बोलणाऱ्या घरात नावाआधी लाडाने 'आ' लावतात, जसं आपण कुणाला 'बाळ्या' म्हणू. कारकुनाने विचारल्यावर मुलाने तेच नाव सांगितलं आणि कारकुनाने 'आ' धरून ते आडनाव म्हणून लिहून टाकलं. पुढे कित्येक घराण्यांचं अधिकृत आडनाव तेच झालं. म्हणून फक्त खऱ्या आडनावाने शोधू नका. आजोबांचं हाकेचं नाव काय होतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि बोटीचं नाव व उतरल्याचं बंदर माहीत असेल तर तेही लिहून सोबत ठेवा.