मचूळ मत्स्यालयातील वनस्पती (गोवा)

गोडे पाणी आणि समुद्राचे पाणी यांच्या मधल्या लवणतेचे पाणी भरलेल्या काचटाकीत जिवंत पाणवनस्पती वाढविण्याची पद्धती. गोव्यात मांडवी, झुआरी, शापोरा, साळ या नद्यांच्या खाड्या आणि त्यांच्या काठची खाजणे हा अशा टाकीचा आयता नमुना आहे.

मचूळ पाणी कशाला म्हणावे, याविषयी १९५८ मध्ये व्हेनिस येथे ठरलेली वर्गवारी सामान्यतः ग्राह्य धरतात. तिच्यानुसार दर हजारी ०.५ ते ३० भाग लवणतेचे पाणी मचूळ होय. त्याचे ५ आणि १८ या टप्प्यांवर पोटविभाग पडतात. समुद्राची लवणता सु. ३५ असते. त्याआधी, १९३४ मध्ये, जर्मन प्राणिवैज्ञानिक आडोल्फ रेमाने यांनी बाल्टिक समुद्रावरील अभ्यासातून असे मांडले होते, की ५ ते ८ च्या दरम्यान जातींची संख्या सर्वांत कमी भरते. गोड्या पाण्यातले जीव तिथवर टिकत नाहीत आणि समुद्रातले तिथवर उतरत नाहीत. हा आलेख पुढे पाठ्यपुस्तकांत स्थिरावला, पण त्यावर आक्षेपही आले. तो मुख्यतः तळाशी राहणाऱ्या प्राण्यांवरून काढलेला आहे, प्लवकांना (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना) तो तसाच लागू पडत नाही. शिवाय बाल्टिकमध्ये भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. गोव्यात ती दिवसातून दोनदा येते, मांडवीत ती सु. ५० किमी. आत, गांजेपर्यंत जाणवते, आणि पावसाळ्यात हेच पात्र वरच्या थरात जवळजवळ गोडे होते. त्यामुळे इथल्या खाड्यांसाठी रेमाने यांचा आलेख जपूनच वापरलेला बरा. मत्स्यालयात मात्र गोड्या पाण्यातील बहुतेक वनस्पती ५ ते ७ च्या आसपासच हार खातात, हे खरे. त्याचे कारण वनस्पतीच्या पेशीत आहे. बाहेरचे पाणी खारट झाले की पेशीला पाणी ओढून घेणे जड जाते, आणि सोडियम वाढल्याने पोटॅशियमचे शोषण अडते. पाने आधी काचेसारखी पारदर्शक होतात व मग विरघळतात.

खाजण म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली सखल जमीन. बांधातील ‘मानस’ या झडपेच्या दाराने भरतीचे पाणी अडते व ओहोटीला आतले पाणी बाहेर पडते. दार पाण्याच्या दाबानेच उघडते-मिटते. बांदोडे येथे सापडलेल्या अनिर्जितवर्मा राजाच्या ताम्रपटात अशा जमिनीचा उल्लेख असून तो साधारणपणे सहाव्या शतकातील मानतात. काही लेखक खाजणांचा आरंभ साडेतीन-चार हजार वर्षे मागे नेतात. लेखी पुराव्यापुरते सहावे शतक धरणे अधिक सुरक्षित. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की मानशीच्या आतल्या चरांत लवणता बदलते ती आठवड्यांच्या हिशेबाने, तासांच्या नव्हे. म्हणूनच या पाण्यात कोरगुट हा खारटपणा सोसणारा भात तग धरतो. टाकीने बाहेरच्या खाडीचे नव्हे, आतल्या चराचे अनुकरण करावे, असे प्रस्तुत नोंदकर्त्यास वाटते. ऋतुमानाप्रमाणे टाकीची लवणता वरखाली करावी, असाही एक पक्ष आहे. खाडीतल्या माशांना ते मानवते, बुडीत वनस्पतींना क्वचितच.

लवणता बहुधा विशिष्ट गुरुत्वावरून, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत पाणी किती जड आहे यावरून, मोजतात. वनस्पतींच्या टाकीसाठी १.००५ हा आकडा सर्रास सांगितला जातो. तो दर हजारी सु. ७ भागांइतका होतो. एक भाग समुद्राचे पाणी व चार भाग गोडे पाणी मिसळले की साधारण तेवढी लवणता येते. पण गोव्यात येथेच घोटाळा होतो. काचेचा तरता मापक एका ठरावीक तापमानाला आखलेला असतो. जुन्या धाटणीचे पुष्कळसे १५.५° से.ला, तर मत्स्यालयासाठी बनवलेले बहुधा २५° से.ला. उन्हाळ्यात टाकीचे पाणी ३०° से.ला पोचते आणि गरम पाणी हलके असते. १५.५° से.चा मापक अशा वेळी खऱ्या १.००५ ऐवजी सु. १.००१६ दाखवतो. पाणी अळणी झाले असे समजून मीठ वाढवले, की दर हजारी चारहून अधिक भाग जादा पडतात आणि जावा फर्न ही टाकीतली नेहमीची पाणवनस्पती आठवड्याभरात काळवंडते. २५° से.च्या मापकातही सु. ०.००१४ चा फरक पडतोच. मापकावरील तापमान वाचल्याखेरीज आकड्यावर विसंबू नये. बाष्पीभवनाने घटलेले पाणी गोड्या पाण्यानेच भरावे, कारण मीठ टाकीतच राहिलेले असते.

आगरवाडा, रायबंदर भागांतील मिठागरांचे मीठ स्वस्त व हाताशी असले, तरी ते समुद्री क्षारांचे मिश्रण नव्हे. मीठ स्फटिकरूपात बसते तेव्हा मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्षार बहुतांशी उरलेल्या कडू पाण्यात राहतात, आणि वनस्पतींना नेमके तेच हवे असतात. जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी मऊ व किंचित आम्ल असते. ते कठीण करून आम्लता घालवण्यासाठी जेवणातल्या तिसऱ्यांची (शिंपल्यांची) कवचे धुऊन, कुटून तळाच्या वाळूत मिसळतात.

बुडीत वनस्पतींत जावा फर्न व अनुबियास सर्वांत खात्रीचे. त्यांचे आडवे खोड वाळूत न पुरता लाकडाला किंवा दगडाला बांधतात. क्रिप्टोकोरिनी सिलियाटा ही गंगेच्या मुखापासून न्यू गिनीपर्यंत भरतीच्या पट्ट्यात वाढणारी जाती याहून खारट पाणी सोसते. स्थानिक वनस्पतींपैकी ओलसर बांधांवर पसरणारी ब्राह्मी (बाकोपा मोनिएरी) सोयीची. तिची फांदी लावताना मीठ आठवड्याला दर हजारी एका भागाच्या बेताने चढवावे. हॅलोफिला बेकारी हे इवलेसे सागरी तृण गोव्याच्या खाड्यांतील चिखलात आढळते, परंतु जागतिक पातळीवर ते असुरक्षित गणले जाते. ते टाकीसाठी उपटू नये.

लवणता याहून वाढवायची तर खारफुटीच उरते. कांदळाचे (ऱ्हायझोफोरा) बी झाडावरच रुजते आणि हातभर लांबीचा कोंब खाली पडतो. टाकीत त्याचे टोक तेवढे चिखलात रोवतात. पाने कायम पाण्याबाहेर असावी लागतात. कांदळ मुळाशीच बहुतेक मीठ अडवतो. तिवर (अ‍ॅव्हिसेनिया) ते आत घेऊन पानांवाटे बाहेर टाकतो. घरातल्या तिवराच्या पानावर बोट फिरवले, तर रवाळ पापुद्रा लागतो. खाडीकाठी तो पावसाने धुतला जातो, घरात ओल्या फडक्याने पुसावा लागतो.

कालुंदर हा खाडीतला मासा शेवाळासोबत कोवळी पानेही खातो, तेव्हा त्याच्या टाकीत जावा फर्नसारखी चिवट पानेच ठेवतात. खेकडे काहीच शिल्लक ठेवत नाहीत. मॉली हे छोटे मासे चालतात.

खारफुटीचे क्षेत्र किनारी नियमन क्षेत्राच्या १९९१ च्या व त्यानंतरच्या अधिसूचनांनी संरक्षित आहे. चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यातून वन्यजीव अधिनियम, १९७२ नुसार विनापरवाना रोप वा कोंब उचलता येत नाही.