बायकांचं काम फक्त पडदे आणि उशा? खुलासा

फर्निचरचा सांगाडा पुरुषाने घडवायचा आणि रंग-कापड बाईने निवडायचं, हा समज अजूनही चांगलाच टिकून आहे. तो चुकीचा आहे, आणि आजचाच नव्हे.

फ्रेंच डिझायनर शार्लोत पेरियां १९२७ मध्ये पॅरिसला ल कॉर्ब्युझिए या नामवंत आर्किटेक्टकडे काम मागायला गेली. 'आम्ही इथे उशांवर भरतकाम करत नाही,' असं म्हणून त्याने तिला परत पाठवलं. त्याच वर्षी तिने प्रदर्शनात मांडलेला धातू आणि काचेचा बार पाहिल्यावर मात्र घेतलं! पोलादी नळ्यांच्या चौकटीची ती प्रसिद्ध आरामखुर्ची पेरियां, कॉर्ब्युझिए आणि त्याचा सहकारी पियेर जानरे या तिघांची. श्रेय मात्र वर्षानुवर्षं एकट्या कॉर्ब्युझिएच्या नावावर जमा होत राहिलं. समजाचं मूळ बरंचसं या हिशेबात आहे.

या खुर्च्या बनवणाऱ्या कासिना या इटालियन कंपनीची कला-दिग्दर्शक २०१५ पासून स्पॅनिश डिझायनर पात्रिसिया उर्किओला आहे. शिक्षण आर्किटेक्चरचं; खुर्च्या, सोफे, हॉटेलांचे अंतर्भाग, सगळं ती करते.

आणि रंग-कापड म्हणजे हलकं काम, हे तरी कोणी ठरवलं? डच डिझायनर हेला योंगेरियसने २००५ मध्ये व्हिट्रा या स्विस फर्निचर कंपनीसाठी केलेला 'पोल्डर' सोफा बघा. बसका, मुद्दाम असमान. एकाच रंगाच्या वेगवेगळ्या छटा आणि वेगवेगळे पोत शेजारी शेजारी. त्यातून कापड वजा केलं तर तो सोफाच उरत नाही. पुढे व्हिट्राच्या अख्ख्या उत्पादनांची रंगव्यवस्था लावण्याचं कामही तिने केलं.