कप्पी लावल्याने बीमवरचा भार निम्मा होतो का?

‘लोखंडी आय-बीमला (इंग्रजी I आकाराच्या आडव्या तुळईला) कप्पी टांगली की वजन निम्मे होते, त्यामुळे बीमवरही निम्माच भार येतो,’ असा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. विहिरीवरच्या कप्पीने पाणी शेंदणे सोपे वाटत असल्याने तो होणे स्वाभाविक आहे; पण तिथे सोय होते ती केवळ ओढण्याच्या दिशेची. १०० किलोचे ओझे स्थिर कप्पीवरून तोलून धरायला दोराच्या दुसऱ्या टोकालाही १०० किलोइतकीच ओढ द्यावी लागते, आणि दोर दोन्ही बाजूंनी सरळ खाली ओढला जात असल्याने बीमवर सुमारे २०० किलोचा भार येतो. जुन्या शेडमधला बीम निवडताना नेमका हाच हिशेब चुकतो, आणि खाली माणसे उभी असतात, म्हणून तो नीट समजून घेणे फार गरजेचे आहे.

ओझ्याबरोबर वर सरकणारी कप्पी जोडल्यास ओढ खरोखर निम्मी होते, मात्र ओझे १ मीटर चढवायला २ मीटर दोर ओढावा लागतो.

पडताळा घरीही घेता येतो: ताणकाट्याला (वजन टांगून मोजायच्या स्प्रिंगच्या काट्याला) छोटी कप्पी अडकवून तिच्यावरून १ किलोचे वजन दोरीने तोलून धरल्यास काटा सुमारे २ किलो दाखवतो.