कलम 499 : मेकॉलेच्या मसुद्यापासून एका ट्वीटपर्यंत

ऑक्टोबर 2018 मध्ये दिल्लीच्या पतियाळा हाउस न्यायालयात अब्रूनुकसानीची एक खासगी फौजदारी फिर्याद दाखल झाली. सोबतच्या वकीलपत्रावर 97 वकिलांची नावं होती. उभे सहाच राहणार, असा खुलासा नंतर आला, पण जो आकडा दिसायचा तो दिसून गेला होता. फिर्यादी तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री एम. जे. अकबर, आरोपी पत्रकार प्रिया रमाणी.

रमाणींनी 2017 मध्ये एका मासिकात, नाव न घेता, डिसेंबर 1993 मधली मुंबईच्या एका हॉटेलातली नोकरीची मुलाखत लिहिली होती. मुलगी तेवीस वर्षांची, मुलाखत हॉटेलच्या खोलीत, पलंग रात्रीसाठी तयार केलेला, मद्य घेणार का अशी विचारणा, आणि मग 'इथे जवळ बस'. 8 ऑक्टोबर 2018 ला ट्वीट करून त्यांनी तो संपादक म्हणजे अकबर असं जाहीर केलं. अकबर यांनी सगळे आरोप फेटाळले, आठवड्याभरात फिर्याद केली आणि 17 तारखेला मंत्रिपद सोडलं.

ज्या कलमाखाली ही फिर्याद झाली, त्याचं मूळ मेकॉलेच्या 1837 च्या मसुद्यात आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत ते 499 क्रमांकाने बसलं. 500 मध्ये शिक्षा, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. मराठी माणसाला हा कायदा परका नाही. कोल्हापूरच्या कारभारी बर्वे यांच्या फिर्यादीवरून 1882 मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहून आले, तेही अब्रूनुकसानीपायीच. तिथे ज्या पत्रांवर विश्वास ठेवून त्यांनी लिहिलं, ती पत्रंच बनावट निघाली होती.

या कलमाची खोच अपवादांत आहे. दिवाणी दाव्यात 'मी खरं बोललो' एवढं सिद्ध केलं की सुटका होते. फौजदारीत तेवढ्यावर भागत नाही, ते बोलणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं, आणि ते दाखवण्याचा भार आरोपीवर. बंद खोलीतल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचा?

त्यात मुदतीचा हिशेब. 1993 मध्ये विनयभंगाच्या कलम 354 ला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती, म्हणजे न्यायालयाने दखल घेण्याची मुदत तीन वर्षं. कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दलचे 'विशाखा' निकालाचे नियम आले 1997 मध्ये, कायदा 2013 मध्ये, आणि त्यातही तक्रारीला तीनच महिने, फार तर आणखी तीन. 2018 मध्ये तक्रार करायला निघालेल्या बाईला 1993 साठी दार उघडं नव्हतं. तिने बोलून दाखवलं, की समोरच्याची अब्रूनुकसानीच्या फिर्यादीची तीन वर्षं मात्र त्या दिवसापासून नव्याने मोजायची.

फौजदारी अब्रूनुकसानीची ही सोय काढावी का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. पालघरच्या दोन मुलींच्या फेसबुक-अटकेनंतर गाजलेलं, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66अ मार्च 2015 मध्ये रद्द झालं, त्यामुळे आशा होती. पण मे 2016 मध्ये, सुब्रमण्यम स्वामी खटल्यात, फौजदारी अब्रूनुकसानी घटनात्मक ठरली. प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं न्यायालयाचं म्हणणं.

रमाणींना फेब्रुवारी 2019 मध्ये दहा हजारांच्या जातमुचलक्यावर जामीन मिळाला. मग तारखा, साक्षी, उलटतपासणी, मध्येच न्यायाधीश बदलले. अकबर यांच्यावर आरोप करणाऱ्या दुसऱ्या पत्रकार गझाला वहाब यांनी स्वतःचा अनुभव साक्षीत सांगितला. 17 फेब्रुवारी 2021 ला न्यायाधीश रवींद्र कुमार पांडे यांनी रमाणींना निर्दोष सोडलं. स्त्रीच्या सन्मानाचा बळी देऊन प्रतिष्ठेचा हक्क जपता येणार नाही, आणि तिला आपली तक्रार हव्या त्या व्यासपीठावर, कित्येक दशकांनंतरही मांडता येते, असं त्यांनी निकालात लिहिलं. निकाल कनिष्ठ न्यायालयाचा, त्यामुळे इतर न्यायालयांना बंधनकारक नाही. ही बाब तेव्हाच्या जल्लोषात जरा मागे पडली.

दरम्यान दिवाणी बाजूही तापली होती. 2019 मध्ये एका नामवंत कलाकाराने एका निनावी इन्स्टाग्राम खात्यावर पाच कोटींचा दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने मजकूर काढायला लावला आणि खातं चालवणाऱ्याचा तपशील मागवला. पुढे तडजोड झाली.

अकबर यांचं अपील दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये दाखल करून घेतलं. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात 499 आणि 500 मिळून 356 झाले. शिक्षेत एक पर्याय वाढला, समाजसेवा. अपवाद जवळपास तेच आहेत.