हॉस्टेल मिळालं म्हणजे नेमकं काय मिळालं?

जून-जुलै लागला की आमच्याकडे एकाच धाटणीचे फोन सुरू होतात. कराडहून, साताऱ्याहून, कधी इस्लामपूरहून. “मुंबईला नंबर लागला, आणि हॉस्टेलचंही काम झालं.” मी विचारते, कुठलं हॉस्टेल? पलीकडे जरा चुळबुळ होते आणि मग कळतं, माटुंग्याला एका काकूंकडे सोय झालीय, चार मुली आहेत, डबाही मिळतो. अहो, मग ते हॉस्टेल नाही, पीजी आहे, म्हणजे पेइंग गेस्ट.

यात फोन करणाऱ्याचा दोष नाही. मुंबईत इमारतीबाहेर ‘गर्ल्स हॉस्टेल’ अशी ठसठशीत पाटी असते आणि आत तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अकरा कॉट लावलेल्या असतात. घरच्यांना तरी काय, मुलगी बाहेर राहतेय, दार बंद होतं, जेवण मिळतं, म्हणजे हॉस्टेलच. मी स्वतः तीन वर्षांत दोन्हीकडे राहिले. पहिलं वर्ष पीजी, दुसरं हॉस्टेल, तिसऱ्या वर्षी पुन्हा पीजी. एकीकडे खाट आणि दुसरीकडे कॉट एवढाच फरक असता तर लिहायला बसलेच नसते.

हॉस्टेलमधली खाट तुम्हाला मिळते ती तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून. पीजीतली मिळते ती तुम्ही पैसे देता म्हणून. ऐकायला हे फार साधं वाटतं, पण पुढची सगळी भांडणं इथूनच निघतात.

मे महिना घ्या. परीक्षा संपली की हॉस्टेल रिकामं करायचं असतं. गादी गुंडाळा, कपाटाची किल्ली द्या, बादलीवर नाव लिहून ती माळ्यावर टाका आणि चला. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा यादी. पहिल्या वर्षी मिळालं म्हणून दुसऱ्या वर्षी मिळेलच असं नाही, केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर बऱ्याच ठिकाणी नाव खाली घसरतं. पीजीत तुम्ही महिनाभर गावाला जाऊन आंबे खा, कॉटचं भाडं चालूच. वर काकूंचा फोन, “येताना पेटी आणशील ना गं?” मात्र तिथे परीक्षा, निकाल, केटी यांचा काही संबंध नाही. वेळेवर पैसे देणारी मुलगी त्यांना नापास झाली तरी चालते.

आता कायद्याचं थोडं, कारण इथे एक गंमत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मध्ये ‘पेइंग गेस्ट’ची व्याख्याच दिलेली आहे. मालक ज्या जागेत स्वतः राहतो, त्या जागेचा काही भाग कुटुंबाबाहेरच्या माणसाला वापरायला दिला, तर तो माणूस पेइंग गेस्ट. म्हणजे मालक त्याच घरात राहत असला पाहिजे. माझ्या पहिल्या वर्षीच्या काकू या व्याख्येत चपखल बसत होत्या: दोन खोल्या आमच्या, एक त्यांची, देवघर सामायिक. पण आज मुंबईत ज्याला सर्रास पीजी म्हणतात तिथे मालक कांदिवलीला नाहीतर दुबईला असतो. मध्ये एक चालवणारा असतो. त्याने फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर, घेतलेला असतो आणि कॉटच्या हिशेबाने पुढे मुलींना दिलेला असतो. तुम्ही त्या साखळीतली तिसरी कडी. मालक आणि चालवणारा यांच्यातला अकरा महिन्यांचा करार संपला आणि पुढे जमलं नाही, तर तुमचा त्यात काही संबंध नसताना तुमची ट्रंक जिन्यात येते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलींवर ऐन सेमिस्टरच्या तोंडावर हीच वेळ आली होती. चौघी पंधरा दिवस चार मैत्रिणींकडे विखुरल्या.

याच कायद्याचं कलम 55 सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी, आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड. “अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर कशाला करायचा?” हे वाक्य मी इतक्या ब्रोकरांच्या तोंडून ऐकलंय की त्यांना ते कुठेतरी शिकवत असावेत. दोन-तीन मैत्रिणी मिळून अख्खा फ्लॅट घेणार असाल तर हा कागद मिळवाच. कॉट घेणाऱ्या एकट्या मुलीला तो बहुधा कोणी देत नाही. मग निदान पैसे बँकेतून द्यावेत आणि डिपॉझिटची पावती किंवा मेसेज तरी घ्यावा. मी घेतला नव्हता. खोली सोडताना कपाटाचा आरसा तडकल्याबद्दल माझे अर्धे पैसे कापले गेले. तो आरसा मी आले त्याच्या आधीपासून तडकलेला होता. पहिल्या दिवशी आईनेच त्यावर लाल टिकली चिकटवली होती, तडा दिसू नये म्हणून.

आमच्या घरी ही चर्चा झाली की वडील म्हणतात, “हॉस्टेलमध्ये तरी कुठला करार असतो?” बरोबर आहे, नसतो. तिथे प्रवेश अर्ज असतो, नियमावली असते, फीची पावती असते. पण तक्रार करायला एक खुर्ची असते. रेक्टर ऐकत नाहीत तर प्राचार्य, ते ऐकत नाहीत तर विद्यापीठ. रॅगिंगविरुद्ध यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2009 चे नियम आहेत, राज्याचा 1999 चा कायदा आहे. पीजीत सीनियर नसतात, पण तिथे रात्री साडेअकराला शेजारच्या कॉटवरची मुलगी फोनवर भांडत असेल तर ते सांगायचं कोणाला? काकूंना. आणि काकूंची ती लाडकी असेल तर?

सकाळच्या पाण्यावरूनही दोन जागा ओळखता येतात. आमच्या पीजीच्या इमारतीत पालिकेचं पाणी सव्वापाचला यायचं आणि साडेसातला जायचं. त्या वेळात पाच जणींच्या आंघोळी, काकूंचं पिंप, धुणं. जिचं पहिलं लेक्चर सातचं, तिला पहिला नंबर, असा अलिखित कायदा होता आणि तो कोणीही मोडायचं नाही. फ्रिजच्या दारातला खालचा कप्पा माझा. त्यावर चिकटपट्टीवर माझं नाव, अर्धा लिटर दुधाची पिशवी आणि आईने पाठवलेल्या लसणाच्या चटणीची बाटली. चटणी दर आठवड्याला एक बोट खाली जायची. कोण खातं ते मला माहीत होतं, तिलाही ते माहीत होतं, आणि परीक्षेच्या रात्री तीच मला चहा करून द्यायची. हॉस्टेलला पाण्याची टाकी मोठी, पण मजल्याला बाथरूम तीन आणि मुली तीस, म्हणून दारापुढे बादल्यांची रांग. माणसाऐवजी बादली उभी. फ्रिज नाहीच. चटणी मात्र तिथे पहिल्याच रात्री संपली, उघड उघड, आठ जणींनी मेसच्या फुलक्यांबरोबर.

दुसरं वर्ष मला सगळ्यात आवडलं, ते याच कारणाने. आणि अभ्यासाच्याही. नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, कोणते सर कशाला मार्क देतात, इंटर्नशिप कुठे निघालीय, हे सगळं हॉस्टेलच्या जिन्यात मिळतं. पीजीत शेजारच्या कॉटवर कॉल सेंटरमधली मुलगी होती, तिसऱ्या कॉटवर नर्स. दोघीही चांगल्या, पण माझा पेपर कधी आहे याच्याशी त्यांना काय देणंघेणं? एक मात्र खरं, पगार कसा येतो, पीएफ म्हणजे काय, बॉसशी कसं बोलायचं, हे मला त्या नर्सने शिकवलं.

वेळेच्या नियमांबाबत लोकांचा अंदाज नेमका उलटा असतो. पालकांना वाटतं हॉस्टेल कडक आणि पीजी मोकळं. हॉस्टेलला गेटची वेळ ठरलेली असते, ती रजिस्टरवर असते, आणि उशीर होणार असेल तर अर्ज देऊन परवानगी मिळते. पीजीत वेळ काकूंच्या सीरियलवर ठरते. कागदावर काही नसल्यामुळे कधी साडेदहाही चालतात आणि कधी सव्वानऊला दाराची साखळी लागलेली असते. ज्यांना संध्याकाळची सीएची आर्टिकलशिप आहे, नाटकाच्या तालमी आहेत, त्यांनी हे आधी स्पष्ट विचारून घ्यावं. आणि शेजारणीलाही विचारावं. काकू खरं सांगतीलच असं नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. सरकारी किंवा कॉलेजचं हॉस्टेल जवळजवळ नेहमीच स्वस्त. म्हणून तर यादी लागते. ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही अशा अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबईसारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये थेट खात्यात येतात, त्यातले 32,000 जेवणाचे, 20,000 राहण्याचे आणि 8,000 निर्वाहाचे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. पण तिथेही भाड्याने राहतो याचा पुरावा मागतात, आणि ज्या काकू पावतीही देत नाहीत त्या हा पुरावा कुठून देणार? आणखी एक. कोणी चालवणारा बिलात जीएसटी लावत असेल तर थांबा. माणशी महिना 20,000 रुपयांपर्यंतच्या निवासाला, सलग निदान 90 दिवस राहिल्यास, जुलै 2024 पासून करमाफी आहे.

इतकं सगळं लिहूनही मुंबईत एक गोष्ट या दोघांच्या वर बसते. लोकल. चांगलं हॉस्टेल चुकीच्या लाइनवर असेल तर त्याच्यापेक्षा साधी पीजी बरी. नकाशात अंतर बघून जागा ठरवणारे कसे फसतात त्याचं उत्तम उदाहरण माटुंगा. मध्य रेल्वेवर माटुंगा आहे आणि पश्चिम रेल्वेवर माटुंगा रोड. रुइया, पोदार, व्हीजेटीआय ही कॉलेजं मध्य रेल्वेच्या बाजूला, रुपारेल पश्चिमेच्या. आणि मध्यवर फास्ट लोकल माटुंग्याला थांबतच नाही. कल्याणहून येणारी मुलगी फास्टने दादरला उतरते आणि एक स्टेशन मागे स्लोने येते. सकाळी सव्वाआठला दादरचा पूल ज्याने पाहिलाय त्याला त्या एका स्टेशनाची किंमत विचारा. कालिन्याला विद्यापीठात जायचं तर स्टेशनाबाहेरच्या रिक्षाची रांगही धरावी लागते. पवईच्या आयआयटीत किंवा देवनारच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) नंबर लागला असेल तर डोळे मिटून कॅम्पसमधलं हॉस्टेल घ्यावं. विलेपार्ल्याच्या कॉलेजांना मात्र चालत जाण्याजोगी पीजी मिळते आणि तिथे माझं मत पीजीकडे झुकतं.

तिसरा पर्यायही घरोघरी निघतोच, “डोंबिवलीला मामा आहेत की!” मामा आहेत. मामीही आहेत, त्यांचा दहावीतला मुलगाही आहे, आणि हॉलमधल्या सोफ्यावर झोपून सकाळी सगळ्यांच्या आधी उठणंही आहे. महिनाभर जावं, जागा शोधेपर्यंत. तीन वर्षं राहिलेल्यांची मामांकडची येजा पुढे बंद झालेली मी पाहिलीय.

या वर्षी माझी भाचीच आलीय. व्हीजेटीआयला. हॉस्टेलच्या पहिल्या यादीत नाव नाही, वेटिंगवर आहे. तोवर किंग्ज सर्कलला एक कॉट घेतलीय, मालकीणबाई तिथेच राहतात, म्हणजे कायद्याच्या भाषेतही अस्सल पीजी. दोन महिन्यांचं डिपॉझिट, महिन्याची नोटीस. परवा तिचा फोन आला, “मावशी, दुसरी यादी सप्टेंबरात लागेल म्हणतात. तोपर्यंत इथे रुळले तर? आणि नोटिशीच्या महिन्याचं भाडं?” बहिणीचं म्हणणं, कशाला पैसे घालवायचे, बाई चांगल्या आहेत, भाजीही चांगली करतात. मी भाचीला सांगितलं, यादीत नाव आलं तर त्या एका महिन्याचं भाडं सोड आणि हॉस्टेलला जा. पहिल्या वर्षी तरी जा. तिसऱ्या वर्षी कंटाळा आला तर हीच कॉट पुन्हा मिळेल, हॉस्टेलची खाट मिळणार नाही. आणि निघायच्या आधी कपाटाच्या आरशाचा फोटो काढून ठेव म्हटलं. तो तिने पहिल्याच दिवशी काढलाय, तारखेसकट. टिकलीची गोष्ट तिच्या आईने तिला आधीच सांगितली होती.