ब्रिटनमध्ये सीनियर केअर वर्कर: जबाबदारी, पात्रता, कागदपत्रं आणि व्हिसा

सर्वात महत्त्वाचं आधी सांगते. भारतात राहून ब्रिटनमधल्या केअर वर्कर (वृद्ध, आजारी किंवा अपंग लोकांची रोजची देखभाल करणारा) किंवा सीनियर केअर वर्करच्या नोकरीसाठी नवा व्हिसा आता मिळत नाही. २२ जुलै २०२५ पासून ब्रिटिश सरकारने या दोन्ही पदांची परदेशातून होणारी भरती बंद केली. त्याआधीच, ११ मार्च २०२४ पासून, या व्हिसावर नव्याने येणाऱ्यांना नवरा, बायको किंवा मुलांना सोबत आणता येत नव्हतं. त्यामुळे नाशिकमध्ये, सांगलीत किंवा म्हापशात कोणी तुम्हाला ‘फॅमिलीसकट यूके केअर व्हिसा’ देतो म्हणत असेल, तर तो खोटं बोलतो आहे. शेती गहाण टाकू नका, दागिने मोडू नका.

मग ही माहिती कोणासाठी? ब्रिटनमध्ये आधीच असलेल्यांसाठी. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आयटीतल्या नोकरीमुळे डिपेंडंट व्हिसावर आलेल्यांना जवळजवळ कुठलंही काम करता येतं, स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी हमी देणारा परवानाधारक मालक, लागत नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर २०२० संपायच्या आत आलेल्या आणि सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिकांना मिळालेला राहण्याचा हक्क) मिळालेल्या गोंयकारांनाही मोकळीक आहे. स्विंडनमध्ये अशी कितीतरी कुटुंबं आहेत. ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे ब्रिटनमधलं शिक्षण पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्यांना पूर्णवेळ काम चालतं. पदवीच्या विद्यार्थ्यांना मात्र सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचीच मुभा असते. आणि चौथा गट आधीपासून स्पॉन्सरशिपवर केअर वर्कर असलेल्यांचा. त्यांचे नियम वेगळे आहेत, ते शेवटी.

सीनियर म्हणजे नेमकं काय

केअर वर्कर म्हणून वर्ष-दोन वर्षं काम केलं की मॅनेजर विचारतो, ‘सीनियर होणार का?’ तासाला पगार थोडासाच वाढतो. जबाबदारी मात्र कितीतरी पटीने वाढते आणि होकार देण्याआधी ती नीट समजून घ्यायला हवी.

केअर होम, म्हणजे अशा लोकांनी राहायची देखभालगृहं, दोन प्रकारची असतात. नर्सिंग होममध्ये पाळीला नोंदणीकृत नर्स असते. रेसिडेन्शिअल होममध्ये नर्स नसते. डिस्ट्रिक्ट नर्स बाहेरून येऊन ड्रेसिंग किंवा इन्सुलिन देऊन जाते. अशा होममध्ये रात्री मॅनेजर घरी गेला की इमारतीतल्या प्रत्येक निर्णयाची जबाबदारी सीनियरवर येते. फोनवर ऑन-कॉल मॅनेजर असतो, पण समोर उभ्या तुम्हीच असता.

सर्वात नाजूक काम औषधांच्या फेरीचं. प्रत्येक रहिवाशाचा औषधांचा तक्ता असतो, त्याला सगळे ‘मार चार्ट’ म्हणतात. माणूस तोच आहे ना, औषध, मात्रा, देण्याची पद्धत आणि वेळ बरोबर आहे ना, हे दर वेळी तपासायचं, रोज तोच चेहरा समोर असला तरी. गोळी गिळलेली डोळ्यांनी पाहिल्यावरच सही करायची, आधी नाही. नाही म्हणण्याचा हक्क रहिवाशाला आहे. नकार दिला तर तक्त्यावर त्याचा ठरलेला कोड लिहायचा आणि पुढे कळवायचं. गरजेनुसार द्यायचं पॅरासिटामॉल दिलं तर वेळ, कारण आणि नंतर फरक पडला का, हे तिन्ही लिहायचं. डोळ्यांच्या थेंबांची बाटली उघडली की तिच्यावर तारीख टाकायची, कारण बहुतेक थेंब उघडल्यापासून २८ दिवसांनी टाकून द्यावे लागतात. मॉर्फिनसारख्या नियंत्रित औषधांची कुलूपबंद कपाटं आणि वेगळी नोंदवही असते. तिथे दोघांच्या सह्या लागतात आणि शिल्लक मोजून लिहावी लागते. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याने खरंच समोर उभं राहून पाहिलेलं असायला हवं. घाई असली की ‘तू सही कर, मी दिलंय’ असं कोणीतरी म्हणतं. तिथे ठामपणे नाही म्हणा.

आपल्याकडे आजी गोळी घेत नसली की आपण ती कुटून वरणभातात कालवतो. ब्रिटनच्या केअर होममध्ये हे स्वतःच्या मनाने केलं तर तो गंभीर गुन्हा ठरू शकतो. लपवून औषध द्यायचंच असेल तर त्या व्यक्तीची निर्णयक्षमता तपासून, डॉक्टर, फार्मासिस्ट आणि कुटुंब यांच्याशी बोलून, तिच्या हिताचा निर्णय लेखी झालेला असावा लागतो. गोळी कुटली तर ती नीट काम करेल का, हेही फार्मासिस्टच सांगू शकतो.

याच्या मुळाशी २००५ चा मेंटल कपॅसिटी कायदा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये केअरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने तो मन लावून वाचावा असं मला वाटतं. ज्येष्ठांची काळजी घेणं आपल्याला शिकवावं लागत नाही, पण त्यांच्या वतीने ठरवून टाकण्याची सवयही आपल्यात मुरलेली असते. कायदा सांगतो की समोरच्या व्यक्तीला निर्णय घेता येतो असंच आधी धरायचं. तिला समजेल अशा रीतीने मदत करायची. तिचा निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटला नाही म्हणून तिची निर्णयक्षमता नाही, असं ठरवायचं नाही. निर्णय खरंच घेता येत नसेल तर तिच्या हिताचा आणि तिच्या स्वातंत्र्यावर कमीत कमी बंधन आणणारा मार्ग निवडायचा. मधुमेह असलेल्या, डोकं शाबूत असलेल्या आजोबांना केक खायचा असेल तर परिणाम समजावून सांगा, नोंद करा, पण ताट ओढून घेऊ नका. मुलगा किंवा मुलगी म्हणते म्हणूनही निर्णय होत नाही. आरोग्यविषयक मुखत्यारपत्र रीतसर नोंदलेलं आहे का, ते पाहावं लागतं, आणि ते असलं तरी स्वतः ठरवू शकणाऱ्या आईचा शब्द आधी.

बाकीची कामं: पाळी बदलताना हँडओव्हर देणं, केअर प्लॅन ठरल्या वेळी तपासून बदलणं, डॉक्टरांना फोन करणं, नातेवाइकांशी बोलणं, नव्या केअररला सोबत घेऊन शिकवणं, सहकाऱ्यांची सुपरव्हिजन घेणं, ऐनवेळी कोणी आलं नाही तर माणूस शोधणं. कोणी पडलं तर आधी उचलायला धावायचं नाही, तपासायचं. डोक्याला मार लागला असेल आणि ती व्यक्ती रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असेल, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, ९९९ हा आपत्कालीन नंबर लावायचा. मग बॉडी मॅपवर (शरीराच्या आकृतीवर) खुणा, अपघाताचा फॉर्म, कुटुंबाला फोन.

छळाचा किंवा हेळसांडीचा संशय आला तर रहिवाशाला ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, स्वतः चौकशीही सुरू करू नका. त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि मॅनेजरला कळवा. मॅनेजरच गुंतलेला असेल तर थेट स्थानिक कौन्सिलच्या सेफगार्डिंग विभागाकडे किंवा केअर क्वालिटी कमिशनकडे (सीक्यूसी), म्हणजे इंग्लंडमधल्या केअर सेवांची तपासणी करणाऱ्या संस्थेकडे, जाता येतं.

पात्रता

इंग्लंडमध्ये सीनियर केअर वर्करसाठी कायद्याने ठरवलेली एक विशिष्ट पदवी नाही आणि केअर वर्करची सरकारी नोंदणीही नाही. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये मात्र नोंदणी लागते: अनुक्रमे एसएसएससी, सोशल केअर वेल्स आणि एनआयएससीसी या संस्थांकडे. तिकडे राहत असाल तर नोकरी लागताच आधी हे विचारा.

इंग्लंडमधले मालक साधारणपणे अॅडल्ट केअरमधला लेव्हल ३ डिप्लोमा मागतात, किंवा तो करण्याची तयारी. नवीन माणसाकडून केअर सर्टिफिकेट, म्हणजे या कामाचं पायाभूत प्रशिक्षण, पूर्ण करून घेतलं जातं. ते २०१५ पासून सुरू आहे. डिप्लोमाला शेवटी मोठी लेखी परीक्षा नसते. तुम्ही काम करत असताना असेसर येऊन पाहतो, तुम्ही पुरावे आणि लेखी उत्तरं जमा करता. म्हणून घरी बसून ‘आठवड्यात लेव्हल ३’ विकणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींवर पैसे घालवू नका. ते बहुधा नुसतं हजेरीचं प्रमाणपत्र असतं. याच पातळीची लीड अॅडल्ट केअर वर्कर अशी अप्रेंटिसशिपही आहे. परदेशी नागरिकांना तिच्या सरकारी निधीसाठी सहसा ब्रिटनमधलं तीन वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. औषध देण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि तुम्ही ते प्रत्यक्ष नीट करता की नाही, हे मालकाने तपासून लिहून ठेवायचं असतं. हे झालं नसेल तर औषधांच्या ट्रॉलीला हात लावू नका, कितीही माणसं कमी असोत.

भारतातून जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून आलेल्या अनेकजणी सीनियरचं काम करतात. नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची नोंदणी होईपर्यंत तुम्ही इथे नर्स नाही, हे ध्यानात ठेवा. मात्र हीच नोकरी त्या नोंदणीकडे जाताना उपयोगी पडू शकते. इंग्रजीच्या परीक्षेत थोडक्यात गुण हुकले किंवा शिक्षण इंग्रजीतून झालेलं असेल, तर काही अटींवर ब्रिटनमधल्या मालकाचं लेखी समर्थन कौन्सिल ग्राह्य धरतं.

घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या कंपनीत सीनियर व्हायचं तर गाडी चालवता येणं जवळपास आवश्यकच. भारतीय लायसन्स वास्तव्य सुरू झाल्यापासून १२ महिनेच चालतं, तेव्हा इथली परीक्षा लवकर द्या.

कागदपत्रं

इंग्लंडमध्ये मालकाने कोणते कागद तपासायचे हे केअर सेवांसाठीच्या २०१४ च्या नियमांत, शेड्यूल ३ मध्ये दिलं आहे. सीक्यूसीचे तपासनीस ही फाइल उघडून बघतात, म्हणून मालक काटेकोर असतो. अलीकडच्या छायाचित्रासह ओळख. आधी आरोग्य, केअर किंवा मुलांच्या क्षेत्रात काम केलं असेल तर तिथल्या वर्तनाचा दाखला आणि ते काम का सोडलं याची खात्री. पात्रतेची प्रमाणपत्रं. कामाशी संबंधित आरोग्याची माहिती. आणि नोकऱ्यांचा संपूर्ण इतिहास, मधल्या प्रत्येक खंडाच्या लेखी खुलाशासह.

आपल्या बायका इथेच अडकतात. लग्न, बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण यात गेलेली वर्षं अर्जात रिकामी सोडली जातात. सोडू नका. ‘ऑगस्ट २०१६ ते मे २०१९, घरातील ज्येष्ठांची आणि लहान मुलाची काळजी’ असं सरळ लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि या क्षेत्रात तर तो अनुभवच आहे.

दुसरी अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर नवऱ्याचं, प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव. डीबीएस या गुन्हेगारी नोंदींच्या तपासणीत आजवर वापरलेली सगळी नावं आणि मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते द्यावे लागतात, भारतातलेसुद्धा. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद सोबत ठेवा. या कामाला एन्हान्स्ड डीबीएस आणि प्रौढांसोबत काम करायला बंदी असलेल्यांच्या यादीची तपासणी लागते. तिचा अर्ज स्वतःहून करता येत नाही, मालकामार्फतच होतो. प्रमाणपत्र आल्यापासून ३० दिवसांत अपडेट सर्व्हिसला (ही तपासणी ताजी ठेवणाऱ्या ऑनलाइन सेवेला) नाव घातलंत तर पुढच्या नोकरीला सगळं पुन्हा करावं लागत नाही. भारतात अलीकडे राहिला असाल तर मालक पोलिस क्लिअरन्सही मागू शकतो. ते ब्रिटनमधून भारतीय उच्चायुक्तालयाच्या सेवा केंद्रामार्फत मिळतं.

काम करण्याच्या हक्कासाठी आता प्लॅस्टिकचं कार्ड चालत नाही. ई-व्हिसाच्या खात्यातून शेअर कोड काढून द्यायचा. तो ९० दिवस चालतो. खात्यात नवा पासपोर्ट जोडलेला आहे ना, हे आधी बघा.

मुलाखतीत पुस्तकी प्रश्न कमी असतात. ‘चुकून दुसऱ्याची गोळी दिली गेली तर?’ यावर अपेक्षित उत्तर असं: व्यक्तीची अवस्था पाहीन, लगेच वैद्यकीय सल्ला घेईन, मॅनेजरला आणि कुटुंबाला खरं सांगेन, नोंद करेन. लपवण्याचा सूर लागला की मुलाखत तिथेच संपते.

स्पॉन्सरशिपवर असाल तर

देशातल्या देशात व्हिसा वाढवणं आणि मालक बदलणं सध्या २२ जुलै २०२८ पर्यंत चालू ठेवलेलं आहे. दुसऱ्या व्हिसावरून, समजा ग्रॅज्युएटवरून, या मार्गावर येणाऱ्याने त्याच मालकाकडे आधी किमान तीन महिने कायदेशीर काम केलेलं असायला हवं. ८ जानेवारी २०२६ पासून या मार्गावर पहिल्यांदा येणाऱ्याला इंग्रजीची बी-२ (उच्च-मध्यम) पातळी लागते. एप्रिल २०२५ मध्ये किमान पगार वर्षाला २५,००० पौंड ठरला. इंग्लंडमधला स्पॉन्सर सीक्यूसीकडे नोंदलेला असावा लागतो. परवानाधारक स्पॉन्सरांची यादी सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप हा खरं तर एक इलेक्ट्रॉनिक नोंद-क्रमांक आहे, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून त्याचं शुल्क कामगाराकडून वसूल करायला मालकाला मनाई आहे.

बढतीच्या वेळी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. केअर वर्करचा व्यवसाय-कोड ६१३५ आहे आणि सीनियरचा ६१३६. कोड बदलला की नवं सर्टिफिकेट घेऊन व्हिसाचा नवा अर्ज करावा लागतो, मालक तोच असला तरी. निर्णय येईपर्यंत जुन्याच पदावर राहा. मॅनेजर ‘उद्यापासून सीनियरची पाळी घे, कागद नंतर बघू’ म्हणाला तर त्याला हा नियम दाखवा, कारण व्हिसा तुमचा पणाला लागतो. मालकाचा परवाना रद्द झाला तर होम ऑफिसचं (ब्रिटनच्या गृहखात्याचं) पत्र येतं आणि नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. त्या काळात सल्ला घ्यायचा तो वकिलाकडून किंवा इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेल्या सल्लागाराकडूनच. नोंदणी नसताना असा सल्ला देणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. पगार किंवा तास करारापेक्षा कमी मिळत असतील तर अॅकास या कामगार-मालक वादांत सल्ला देणाऱ्या संस्थेची फोन सेवा मोफत आहे. पगाराच्या स्लिपा आणि रोटाचे (पाळ्यांच्या वेळापत्रकाचे) फोटो पहिल्या महिन्यापासून जपून ठेवलेले असले की तिथे बोलणं सोपं जातं.