जिना कुठे उतरतो, त्यावर गाड्यांची संख्या

गोव्यात दर काही वर्षांनी मेट्रोचा विषय निघतो. पणजीत रेल्वे नाही. करमळीला उतरून पुढची वाट रस्त्यानेच धरावी लागते. त्यामुळे मागणी रास्तच आहे. पण चर्चा लगेच वाहनावर जाते: डबे किती, वेग किती, रूळ जमिनीवर की खांबांवर. मडगावने खांबांना लटकून धावणारी स्कायबसही पाहिली. तिचा चाचणी मार्ग उभा राहिला, २००४ च्या सप्टेंबरात चाचणीच्या वेळी अपघात होऊन एक कर्मचारी दगावला आणि प्रकल्प बारगळला. वाहन नवं आणलं की गर्दी सुटते, हा समज मात्र आजही कायम आहे. तो चुकीचा आहे. शहरी रेल्वेची क्षमता ठरते ती सर्वांत गर्दीच्या, गाडी बदलण्याच्या स्थानकात, गाडी फलाटावर किती सेकंद थांबते यावर.

हिशेब करून पाहू. एका गाडीमागून दुसरी किती वेळाने येऊ शकेल? यात चार कालावधी मिळवायचे: पहिली गाडी फलाटावर थांबते तो, ती फलाटातून पूर्ण बाहेर पडते तो, मागची सुरक्षित अंतरावरून आत येऊन थांबते तो, आणि थोडी राखीव सवड. २६० मीटर लांबीची बारा डब्यांची लोकल ०.५४ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढ्या त्वरणाने निघाली, तर शाळेतल्या समीकरणाने (अंतर = अर्धा × त्वरण × वेळेचा वर्ग) तिचा शेवटचा डबा फलाट सोडेपर्यंत ३१ सेकंद जातात. मागच्या गाडीच्या प्रवेशाला ४५, राखीव ३० आणि थांबा ३० धरला तर एकूण १३६ सेकंद, म्हणजे तासाला २६ गाड्या. आता फक्त थांबा ३० चा ६० सेकंद करा. एकूण १६६ होतात आणि गाड्या उरतात २१. गाड्या विकत घेतलेल्या आहेत, रूळ आहेत, मोटरमन आहेत, तरी पाच फेऱ्या गेल्या.

मग थांबा लांबतो कशाने? गर्दीने, हे उत्तर अपुरं आहे. सहा डब्यांच्या मेट्रोला डब्यामागे चार, असे एका बाजूला २४ दरवाजे असतात. समजा एका स्थानकात चढणारे-उतरणारे मिळून ७२० जण आहेत. ते सारखे वाटले गेले तर दरवाजामागे ३० जण येतात, आणि सेकंदाला एक या गतीने ३० सेकंदांत काम उरकतं. पण जिना फलाटाच्या एकाच टोकाला असेल, तर त्याच्यासमोरच्या दरवाजावर ६०-७० जण जमतात. बाकीचे दरवाजे ओस पडले तरी गाडी हलत नाही, कारण सगळे दरवाजे एकदमच बंद होतात. थांब्याची लांबी सरासरी दरवाजा ठरवत नाही. सर्वांत गर्दीचा एक दरवाजा ठरवतो. त्यातही एक वळण आहे. आत दर चौरस मीटरला पाच-सहा माणसं उभी राहिली की सेकंदाला एक ही गती टिकत नाही. दाराशी उभ्या असलेल्यांना आधी खाली उतरून वाट द्यावी लागते, मग पुन्हा चढावं लागतं. म्हणून दुप्पट माणसांना दुपटीहून जास्त वेळ लागतो.

रोजचा प्रवासी डबा निवडतो तो उतरण्याच्या स्थानकातला जिना पाहून. सगळ्या स्थानकांचे जिने पुढच्याच टोकाला बांधले, तर पुढचा डबा पहिल्या स्थानकापासूनच भरत जातो. एका स्थानकात जिना पुढे, दुसऱ्यात मध्ये, तिसऱ्यात मागे ठेवला तर गर्दी आपोआप पसरते. हे नकाशावर असतानाच करावं लागतं. नंतर फलाट फोडून जिना हलवणं फार महागात जातं.

आता जिन्याची रुंदी. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या आखणीत एकेरी वाहतुकीच्या जिन्यावर मीटरभर रुंदीला मिनिटाला ३५ माणसं धरतात, दुहेरी वाहतुकीत २८, आणि एका सरकत्या जिन्यावर मिनिटाला १००. गाडीतून ६०० जण उतरले आणि तीन मीटरचा एकच दुहेरी जिना असला, तर मिनिटाला ८४ जण जातील; फलाट रिकामा व्हायला सात मिनिटं लागतील. पुढची गाडी तर १३६ सेकंदांत येते. तेव्हाही चारशेच्या वर माणसं फलाटावरच असतात, तीही दरवाजांसमोर. नव्या गाडीचे प्रवासी उतरायला वेळ लागतो, थांबा वाढतो, गाडीला उशीर होतो. त्या उशिरात पुढच्या स्थानकांच्या फलाटांवर आणखी माणसं साठतात, म्हणून तिथे ती आणखी थांबते. असा उशीर स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. दोन मिनिटांत फलाट मोकळा करायचा तर तीन सरकते जिने किंवा साडेआठ मीटरहून रुंद एकेरी जिना हवा.

रुंदी कागदावर असते तेवढी प्रत्यक्षात मिळत नाही. कठडा, खांब, स्टॉल ती खातात. पावसाळ्यात तर लोक छत्री उघडायला किंवा पाऊस ओसरायची वाट पाहायला जिन्याच्या तोंडाशीच थांबतात. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर पावसामुळे लोक थांबून राहिले, गाड्यांमधून नवे येतच राहिले आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. गोव्यातल्या पावसात जिन्याच्या दोन्ही तोंडांपुढे छप्पर असलेली मोकळी जागा सोडणं हा सुरक्षेचा भाग आहे, शोभेचा नाही.

नव्या सिग्नल यंत्रणेचा गवगवा होतो. ती उपयुक्त आहेच, पण वरच्या हिशेबातले मुख्यतः ४५ सेकंद ती कमी करते. थांबा तसाच राहतो. लंडनच्या व्हिक्टोरिया मार्गावर २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या, म्हणजे दर १०० सेकंदांनी एक, धावतात. एवढ्या घाईत थांब्याला उशीर परवडतच नाही. थांबा कापण्याचा एक जुना उपाय म्हणजे एका रुळाच्या दोन्ही बाजूंना फलाट. ठाण्यात १० आणि १०अ असे आहेत. एका बाजूने उतरायचं, दुसऱ्या बाजूने चढायचं. दोन लोंढे समोरासमोर येत नाहीत. मात्र उतरण्याच्या बाजूचे दरवाजे काही सेकंद आधी उघडले, तरच पूर्ण फायदा मिळतो.

मडगावचं गणित थोडं निराळं आहे. कोंकण रेल्वेचा मार्ग बहुतांश एकपदरी आहे, दोन्ही दिशांच्या गाड्या त्याच रुळावरून जातात आणि एकमेकींना फक्त स्थानकातच ओलांडू शकतात. चवथीच्या दिवसांत सामानासह चढणाऱ्यांमुळे गाडी मडगावला दहा मिनिटं जास्त थांबली, तर समोरून येणारी गाडी आधीच्याच स्थानकात क्रॉसिंगसाठी अडकून पडते आणि तिच्यामागची तिच्याहूनही मागे. तिथे मार्गाचं दुपदरीकरण हवंच. पण ते होईपर्यंत डब्यांच्या जागा दाखवणारे फलक आणि फलाटाच्या दोन्ही टोकांना उतरणारे पादचारी पूल यांनी ती दहा मिनिटं कमी करता येतात, आणि त्यासाठी नवा रूळ टाकावा लागत नाही.